नवा असेंबल केलेला पीसी घरी फाडकन बंद पडतो, दुकानात मात्र रात्रभर चालतो

मिक्सिंगवाली · सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सांगोल्याजवळच्या एका गावात राहते आणि लग्नांचं मिक्सिंग करते. शूटिंग माझं नाही. आसपासचे फोटोग्राफर कार्ड आणून देतात, मी घरी बसून टीझर, हायलाइट आणि पूर्ण फिल्म करून देते. जुन्या पीसीने एडियसवर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) फुल एचडीचं काम मुकाट केलं, पण आता पोरं सगळं ४के टेन-बिटमध्ये शूट करून आणतात. हळदीच्या दोन क्लिप एकावर एक ठेवल्या की टाइमलाइन जागची हलेना. म्हणून सुटे पार्ट मागवून नवा पीसी जोडला. मी आणि माझे धाकटे दीर, दोघांनी मिळून.

प्रोसेसर रायझन ७ ७७००, त्यावर बॉक्समधलाच कूलर. बी६५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर५ च्या १६ जीबीच्या दोन काड्या (एक्स्पो, म्हणजे रॅमच्या वाढीव वेगाचं सेटिंग, चालू, ६०००), आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबी, १ टीबीची एनव्हीएमई, ६५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग), विंडोज ११. एसएमपीएस आणि बोर्डाच्या कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढची पन्नास उत्तरं कोणती कंपनी चांगली यावरच येतील.

त्रास असा. एक्सपोर्ट चालू असतो आणि पीसी बंद. निळा स्क्रीन नाही, हँग नाही, एरर नाही. कोणीतरी पिन उपसावी तसं. पंखे थांबतात, कार्डावरची लाईट जाते, मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. बटण दाबलं की पुन्हा शहाण्यासारखा सुरू होतो. नुसतं ब्राउझर किंवा कलिंग (क्लिप निवडणं) चालू असताना कधी झालं नाही. पण एक्सपोर्टला दर वेळी होतं असंही नाही, रात्री लावलेली तीन तासांची फिल्म सकाळी पूर्ण झालेली असते. म्हणजे लोडमुळे म्हणावं तर तसंही नाही.

सोलापूरला दुकानात नेऊन दिला. त्यांनी दिवसभर आणि रात्रभर टेस्ट लावली, एकदाही पडला नाही. म्हणाले, ‘मॅडम, मशीन ओके आहे, तुमचं सॉफ्टवेअर बघा.’ घरी आणला आणि पहिले पाढे पंचावन्न. यूपीएस आहे, त्यामुळे लाईटचा प्रश्न नाही. लग्नसराई तोंडावर आहे. काय बदलू?

धडाधड_एफपीएस · मंगळवार, रात्री १२:१०

एसएमपीएस. डोळे झाकून एसएमपीएस. ६५० ब्रॉन्झवर ४०६० टीआय चालतं कागदावर, पण कार्ड क्षणभर दुप्पट पॉवर ओढतं आणि एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप होतं. ८५० गोल्ड घ्या, विषय संपला. माझ्या मित्राचं सेम झालं होतं.

शांतपणे_बघू · मंगळवार, सकाळी ७:३५

आधी टेंपरेचर बघा, मग पैसे खर्च करा. घरी जोडलेल्या पीसीत सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे कूलर नीट न बसणं. काही कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते काढायचं राहतं. तुमच्या बॉक्समधल्या कूलरला बहुधा पेस्ट आधीच लावलेली असेल, पण चारही बाजूंनी सारखा दाबला गेलाय का? एचडब्ल्यूइन्फो नावाचं आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका. त्यात लॉगिंगचं बटण आहे, दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहिले जातात. पीसी पडला तरी फाइल राहते. शेवटची ओळ वाचा, पडण्याआधी काय चाललं होतं ते कळेल.

एक मात्र लक्षात घ्या. ७७०० ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोहोचल्यावर तो आधी वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. तेव्हा ९० दिसलं म्हणून घाबरू नका.

टेस्टर_खिशात · मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, कोल्हापुरात बरीच वर्षं रिपेअरिंगचं काउंटर सांभाळलंय, म्हणून चार गोष्टी सांगतो. पीसी ‘बंद पडतो’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी मशीन उघडायच्या आधी एकच विचारायचो, कसा बंद पडतो? तुम्ही ते नीट लिहिलंय, त्यानेच निम्मं काम झालं.

निळा स्क्रीन येऊन रीस्टार्ट होत असेल तर रॅम, ड्रायव्हर, एक्स्पो तिकडे बघायचं. चित्र गोठून आवाज घरघरत राहत असेल तर बहुतेक ग्राफिक कार्ड. पंखे चालू आणि नुसतं चित्र गेलं, तर कार्ड किंवा त्याची पॉवर केबल. तुमचा पंख्यासकट मरतो. म्हणजे चारच जागा उरल्या. प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापून बोर्डाने कापला, एसएमपीएसने स्वतःला कापलं, पॉवर बटण आतून चिकटतंय, किंवा एसएमपीएसपर्यंत वीजच पोहोचली नाही. एक्स्पोला हात लावू नका, तो या यादीत नाही.

आता या चारांतला कोणता, हे एक पैसा खर्च न करता कळतं.

पहिलं, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. ‘कर्नल-पॉवर ४१’ नावाची लाल नोंद असणारच. ती बघून लोक घाबरतात, पण ती एवढंच सांगते की मशीन नीट निरोप न घेता गेलं. तिच्या डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ बघा. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली. तिथेच ‘पॉवरबटणटाइमस्टॅम्प’ आहे. तोही शून्य असेल तर बटणावरचा संशय बराच कमी होतो.

दुसरं, त्याच लॉगमध्ये ६००८ नंबरच्या नोंदी शोधा. ४१ ची वेळ म्हणजे तुम्ही मशीन पुन्हा सुरू केलं ती वेळ. खरी पडण्याची वेळ ६००८ च्या वाक्यात लिहिलेली असते. सगळ्या वेळा एका कागदावर उतरवून काढा. तारखांसकट.

तिसरं, आणि हे कोणी करत नाही. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं. गिगाबाइटच्या बोर्डात त्याला ‘एसी बॅक’ म्हणतात, असूसमध्ये ‘रिस्टोअर एसी पॉवर लॉस’. ते ‘ऑन’ करा. आता पीसी पडला की बटणाला हात लावायचा नाही, नुसतं बघत बसायचं. आपोआप सुरू झाला तर एसएमपीएसच्या मागच्या पिनेतली वीज क्षणभर गेली होती. मेलेलाच राहिला तर भानगड डब्याच्या आत. एसएमपीएस ओव्हरलोडने ट्रिप झाला तर बऱ्याचदा मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठतच नाही, आणि तुमचा नुसत्या बटणाने उठतोय. म्हणून मला ८५० गोल्ड इतक्यात पटत नाही.

आणि कोणी काही सांगितलं तरी एसएमपीएस उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहतात.

धडाधड_एफपीएस · मंगळवार, सकाळी ९:४०

काका, यूपीएस आहे म्हटल्यात ना त्या. मग बाहेरची वीज कशी जाईल?

टेस्टर_खिशात · मंगळवार, सकाळी ९:५२

तेच बघायचंय. यूपीएस आहे हे वाक्य मी काउंटरवर फार ऐकलंय.

मिक्सिंगवाली · गुरुवार, रात्री ९:२०

दादा, तुम्ही काय जादू केलीय ते वाचा.

मंगळवारी सगळी सेटिंग करून ठेवली आणि एक्सपोर्ट लावला. काही झालं नाही. बुधवारी संध्याकाळी एका बारामतीच्या लग्नाची फिल्म लावली, ३७ टक्क्यांवर असताना गेला. हात मांडीखाली दाबून बसले, बटणाला लावायचा नाही म्हणून. आणि तो आपोआप उठला! कोणी हात न लावता! बगचेककोड शून्य, टाइमस्टॅम्प शून्य. शांतपणे_बघू, तुमच्या लॉगची शेवटची ओळ: प्रोसेसर ८३ अंश, कार्ड ६७, १२ व्होल्टच्या जागी १२.१. सगळं गुळगुळीत.

पण खरी गंमत ६००८ ची. वेळा काढल्या तर सगळ्या संध्याकाळी सव्वासहा ते सव्वासातच्या आत. एकही सकाळची नाही, एकही मध्यरात्रीची नाही. आणि तारखा एक सोडून एक. मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले, म्हटलं हे बघा आत्या, माझा पीसी काय मुहूर्त बघून पडतो. सासूबाईंनी कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं, हे तर पाण्याचे दिवस.’

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, संध्याकाळी सहानंतर. आलं की सगळी गल्ली नळाला मोटर लावते. आमचीही आहे, एक एचपीची, टाकीत पाणी चढवायला.

पण मग यूपीएस? तो ६०० व्हीएचा आहे, जुन्या पीसीबरोबरचा, चांगला चालतोय. मॉनिटर त्याच्यावर नाही, तो पलीकडच्या बोर्डवर आहे.

टेस्टर_खिशात · गुरुवार, रात्री १०:१५

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. काउंटरवर असा माणूस मिळायला हवा होता.

आता हिशेब मांडतो. यूपीएसच्या मागे दोन आकडे असतील, ६०० व्हीए आणि ३६० वॉट. दुकानदार पहिला सांगतो, आपल्याला दुसरा लागतो. तुमचा ७७०० पूर्ण जोरात सुमारे ८८ वॉट घेतो. कार्ड १६०. बोर्ड, रॅम, एनव्हीएमई, पंखे मिळून पन्नासेक धरा. झाले तीनशे. एसएमपीएस साधारण ८५ टक्के कार्यक्षम, म्हणजे पिनेतून ३५० च्या आसपास ओढणार. यूपीएसची मर्यादा ३६०. काठावर आहात. जुना पीसी किती घ्यायचा? कार्ड नसेल त्यात मोठं. शे-दीडशे. तेव्हा हाच यूपीएस आरामात होता.

तरीही एरवी तो पडत नाही, कारण लाईट असताना हे लहान यूपीएस स्वतः काही करत नाहीत. भिंतीतली वीज तशीच पुढे ढकलतात, फार तर व्होल्टेज थोडं वरखाली करतात. खरी परीक्षा बॅटरीवर गेल्यावर. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-आवरची एकच बॅटरी असते. ३५० वॉट त्या बॅटरीतून काढायचे म्हणजे नुसत्या भागाकाराने २९ अँपिअर, घट धरली तर पस्तीसच्या घरात. नवी बॅटरीसुद्धा हे काही मिनिटंच देईल. तीन वर्षांची झाली असेल तर लोड आला की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि यूपीएस तिथल्या तिथे हात वर करतो. भिंतीतली वीज परत दिसली की यातले पुष्कळसे आपोआप चालू होतात. म्हणून तुमचा पीसी उठला.

आता बॅटरीवर जातो कशाला, लाईट तर गेलेली नसते? व्होल्टेजमुळे. यूपीएसवर इनपुटची मर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा १४० ते ३०० व्होल्ट. त्याच्या खाली गेलं की लाईट गेली असं तो समजतो. पाण्याच्या वेळी गल्लीतल्या मोटरी चालू झाल्या की आधीच समजा १८० वर आलंय. त्यात तुमची एक एचपीची मोटर सुरू होते. सिंगल फेज मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी चार-पाच पट. खांबापासून घरापर्यंतची वायर आणि जॉइंट मिळून दीड ओहम जरी असला तरी ३० अँपिअरला ४५ व्होल्ट तिथेच जातात. १८० वजा ४५. आलात १३५ वर. यूपीएस बॅटरीवर, बॅटरी झोपली, पीसी गेला. सगळं एका सेकंदात.

दुकानात न पडण्याचं कारणही हेच. त्यांच्याकडे ना तुमची गल्ली, ना तुमचा यूपीएस. त्यांनी मशीन ओके सांगितलं ते खरंच होतं.

पूर्वी असं व्होल्टेज पडलं की दिसायचं, पिवळा बल्ब लालसर व्हायचा, म्हातारी माणसं म्हणायची लाईट डिम झाली. आता एलईडीच्या बल्बात ड्रायव्हर असतो, तो १५० व्होल्टलाही तितकाच उजेड देतो. पंख्याकडे लक्ष गेलं तरच कळणार. आणि यूपीएस टक् टक् करत असणार, एक-दोनदा पीप करत असणार, ते ऐकू कसं आलं नाही?

मिक्सिंगवाली · गुरुवार, रात्री १०:२४

हेडफोन. संबळ आणि डीजेचा आवाज लेव्हल करत असते हो.

शांतपणे_बघू · गुरुवार, रात्री १०:४०

मस्तच. एक चाचणी सुचवतो म्हणजे खात्री होईल. पाण्याच्या दिवशी यूपीएस बाजूला काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, एक्सपोर्ट चालू करा आणि मुद्दाम मोटर लावा. आधी एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट बघून घ्या. १००-२४० लिहिलं असेल तर तो १३० व्होल्टलाही चालतो, करंट जास्त ओढतो इतकंच. २००-२४० लिहिलेले स्वस्त एसएमपीएस येतात, तसला असेल तर हा प्रयोग करू नका. आणि मल्टिमीटरवर मिन-मॅक्स असेल तर तो लावून ठेवा, नुसत्या आकड्याकडे बघून क्षणाची घसरण सापडत नाही.

टेस्टर_खिशात · गुरुवार, रात्री १०:५१

बरोबर. शिवाय मेन स्विचजवळचे जॉइंट वायरमनकडून तपासून घ्या, विशेषतः न्यूट्रल. स्वतः हात घालायचा नाही, दिरांनाही घालू द्यायचा नाही. सिंगल फेज घरात न्यूट्रल ढिला असला की व्होल्टेज पडतं आणि जॉइंट तापतो. थ्री फेज मीटर असेल तर आणखी वाईट, एखाद्या फेजचं व्होल्टेज वर चढून टीव्ही-फ्रिज सगळं जाऊ शकतं.

मिक्सिंगवाली · रविवार, सकाळी ११:३०

रिपोर्ट देते.

एसएमपीएसवर १००-२४० आहे. शुक्रवारी दिरांनी त्यांच्या ओळखीच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून मिन-मॅक्सवाला मीटर आणला. दुपारी २२६. सहा वाजून वीस मिनिटांनी, पाणी आल्यावर, आमची मोटर बंद असताना १८८. आमची चालू केली, मीटरच्या मिनिममला १३१. दादा, तुमचे १३५ आणि आमचे १३१!

पीसी थेट भिंतीला होता, एक्सपोर्ट चालू होता. ढिम्म हलला नाही. सासूबाई मोटरच्या बटणाजवळ उभ्या होत्या. ‘करू का परत?’ म्हणत त्यांनी ती बंद-चालू करायचा सपाटाच लावला, शेवटी मोटर जळेल म्हणून थांबवलं. बाजूला रिकामा यूपीएस तेवढा टक् टक् करून ओरडत होता.

काल वायरमन येऊन गेला. मेन स्विचच्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता आणि ॲल्युमिनियमच्या वायरचं टोक काळं पडून ठिसूळ झालेलं. त्याने टोक कापून, लग दाबून नवं बसवलं. मोटरची लाईन आतापर्यंत माझ्या खोलीच्या बोर्डावरूनच गेलेली होती (हे घर बांधतानाचं कोणाचं डोकं, देव जाणे), ती मेनपासून वेगळी ओढायला सांगितलीय. न्यूट्रल बसवल्यावर आमची मोटर लावून बघितली. मीटरला किमान १५८. गल्लीचं काही आपल्या हातात नाही.

दोन प्रश्न राहिले. एक, नवा पीसी आल्यापासून अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. मी समजत होते थंडीतला स्टॅटिक असेल. दोन, यूपीएस कोणता घेऊ? घरात पंखे-लाईटसाठी इन्व्हर्टर आहे, त्याच्यावरच चालेल का?

टेस्टर_खिशात · रविवार, दुपारी १:१५

झिणझिण्या स्टॅटिकच्या नाहीत. स्टॅटिक एकदा चट्कन बसतो आणि संपतो. तुम्हाला हात ठेवला की सतत लागतंय ना? तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याकडे दोन बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असलं की तो चिमूटभर करंट जमिनीत जातो. नसलं की पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि तुम्ही त्याची वाट होता. करंट अगदी थोडा असतो, पण खरंच कधी फेज पत्र्याला लागला तर तुम्हाला वाचवणारं काही नाही. वायरमन मोटरच्या लाईनला येईलच, तेव्हा त्याला फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजायला सांगा. दोन्ही जवळजवळ सारखे आले पाहिजेत. फेज-अर्थला साठ-नव्वद असं काहीतरी नाचरं दिसलं तर तिसरी वायर कुठेच पोहोचलेली नाही. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्याच नळाला सगळी गल्ली हात लावते. खड्डा घेऊन स्वतंत्र अर्थिंग करायचं, मोटरलाही तेच, आणि मेनला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर लगे हात बसवून घ्या.

यूपीएसचं म्हणाल तर व्हीए विसरा, वॉट बघा. ३५० ची गरज आहे, त्यात मॉनिटरचे तीसेक आले, म्हणजे ६०० वॉट तरी घ्या. बाजारात १००० किंवा ११०० व्हीए म्हणून मिळतील ते. दोन बॅटऱ्यांचा असेल तर उत्तम. प्युअर साइन वेव्ह परवडला तर घ्या. साध्या यूपीएसचा आउटपुट पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि आजच्या पीएफसीवाल्या (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेल्या) काही एसएमपीएसना तो मानवत नाही, कागदावर लोड बसत असूनही बॅटरीवर गेल्या गेल्या ट्रिप होतात. विकत घेताना तुमचा पीसी दुकानात नेऊन, एक्सपोर्ट चालू ठेवून, यूपीएसची पिन उपसून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

शांतपणे_बघू · रविवार, दुपारी २:०५

इन्व्हर्टरबद्दल. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा इको. नॉर्मलमध्ये तो फार खालच्या व्होल्टेजपर्यंत बॅटरीवर जात नाही आणि बदलायला वेळ घेतो, पंख्याला ते चालतं, पीसीला नाही. यूपीएस मोडमध्ये झटकन बदलतो, पण १८० च्या खाली गेलं की लगेच बॅटरीवर जाणार. तुमच्या गल्लीत याचा अर्थ पाण्याच्या दिवशी तासभर बॅटरी खर्च. त्यानंतर खरंच लाईट गेली तर पंखे कशावर चालवणार? त्यात स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर विषयच सोडा. वेगळा यूपीएस बरा.

तोवर थेट भिंतीला चालवताय तर ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा. लाईट गेली की काम जाणार, बाकी पीसीला धोका नाही. जुना यूपीएसच वापरायचा असेल तर कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि बायॉसमधून प्रोसेसरला इको मोड (कमी वीज घेणारं सेटिंग) द्या. एक्सपोर्ट थोडा लांबेल, पण बऱ्यापैकी वॉट वाचतील. बॅटरी मात्र नवी टाकावीच लागेल.

मिक्सिंगवाली · रविवार, दुपारी २:३०

जुना यूपीएस राउटर आणि बॅकअपच्या डिस्कला ठेवते. नवा घ्यायला बुधवारी सोलापूरला जातेय, पीसी स्कूटीवर पुढे ठेवून नेणार नाही, दिरांची गाडी आहे. एक्स्पो ६००० वरच ठेवू ना?

टेस्टर_खिशात · रविवार, दुपारी २:४१

ठेवा. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

नवाच_आलोय · रविवार, सायंकाळी ५:१८

माझाही सेम प्रॉब्लेम. कालच जोडला, चालू केला की पंखे फिरतात आणि चार-पाच सेकंदांत बंद. बायॉससुद्धा दिसत नाही. माझ्याकडे यूपीएस नाही, मोटर पण नाही. ८५० वॉट गोल्ड आहे.

टेस्टर_खिशात · रविवार, सायंकाळी ५:४०

सेम नाही, वेगळा आहे. चार सेकंद म्हणजे पॉवर बटण दाबून धरल्यावर मशीन जितक्या वेळात मरतं तेवढा वेळ. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या दोन वायरी बोर्डावरून काढा आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून सुरू करा. चालू राहिला तर बटण आत चिकटलंय. तरीही मेला तर प्रोसेसरजवळची आठ पिनांची केबल नीट बसलीय का आणि बोर्डाखाली एखादा जास्तीचा पितळी स्टँड राहिलाय का ते बघा. एवढं करून नवा धागा काढा, बोर्डाचा फोटो टाका. आणि डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काळ्या स्क्रीनवर काही मिनिटं जाऊ शकतात, तेव्हा पंखे फिरत राहिले तर घाईने बंद करू नका.